जेसीबी यायच्या आदल्या दिवशी

नेवासा तालुक्यात घरकुलांची आणि किरकोळ खासगी बांधकामांची देखरेख हा माझा पोटापाण्याचा धंदा. नवं घर उभं करण्याचे पैसे मिळतात, जुनं पाडण्याचे मिळत नाहीत. त्यामुळे पाडकाम हा प्रकार आमच्यातला कोणी नीट बघतच नाही. मालक जेसीबी बोलावतो, जागा मोकळी झाली की आम्ही फक्की मारून आखणी करायला जातो. मी त्यात लक्ष घालायला लागलो ते गरजेपोटी. एका घरकुलाच्या जोत्यात भरायला मुरूम मिळत नव्हता, आणि त्याच आळीत चार घरं पलीकडे एक गृहस्थ पाडलेल्या घराची माती भाड्याच्या ट्रॉलीने प्रवरेच्या काठाला ओतून येत होते. दोघंही पदरचे पैसे मोजत होते, एक भर आणायचे आणि दुसरे फेकायचे.

नेवाशाला हे फेकून देणं नवीन आहे. इथे भाविक येतात ते पैस खांबासाठी, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो. तो खांब मुळात एका जुन्या देवळाचा. देऊळ गेलं, खांब राहिला, आणि पुढे त्याच्याभोवती नवं मंदिर उभं राहिलं. लाडमोडच्या टेकाडाचंही तसंच. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी 1954 ते 1956 मध्ये तिथे खोदलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून सातवाहन आणि पुढे मराठा काळापर्यंत वस्तीचे थर एकावर एक निघाले. पडलेल्या घराची माती सपाट करायची आणि तिच्यावरच पुढचं घर बांधायचं, हे इथे हजारो वर्षं चालू होतं.

अगदी माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत गावठाणातलं धाब्याचं घर उतरवायचे. पाडायचे नाहीत, उतरवायचे. आधी वरची पांढरी माती खाली, मग किलचणं, कड्या, तुळया, मग चौकटी, शेवटी भिंती. पांढरी माती नव्या धाब्यावर जायची नाहीतर शेतात. तुळईचं टोक कुजलेलं असेल तर तेवढं कापून ती आखूड खणाला वापरायचे. जायकवाडी धरणाच्या नाथसागरात गावं गेली तेव्हा उठलेल्या माणसांनी दारं, चौकटी आणि तुळया बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणल्याचं आमच्याकडचे म्हातारे मिस्तरी अजून सांगतात. नुकसानभरपाई कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, लाकडाचा होता.

दोन गोष्टींनी हे मोडलं. पहिली सिमेंट. मातीत बांधलेली वीट हाताने सुटते, झटकली की पुन्हा वापरायला तयार. चुन्यातली थोडी खरवडावी लागते. सिमेंटच्या मालातली वीट सांध्यात सुटतच नाही, स्वतः फुटते. म्हणजे आपण ज्याला पक्कं बांधकाम म्हणतो त्यातली वीट एकाच घरापुरती, आणि ज्याला कच्चं म्हणून नाक मुरडतो त्यातली तीन पिढ्या चालणारी. दुसरी गोष्ट जेसीबी. त्याचं भाडं तासावर असतं. घर उतरवायला चार माणसं आठवडाभर लागतात, जेसीबी दोन तासांत जमीनदोस्त करतो. माती, विटा, सळई, तुटकी कौलं, प्लास्टिकच्या गोण्या, देवळीतला कॅलेंडरचा कागद सगळं एका ढिगात. एकदा असं मिसळलं की त्यातून काही वेगळं करायची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते. मग तो ढीग ओढ्यात जातो, नाहीतर नदीकाठी किंवा हायवेच्या कडेला.

म्हणून मला जे काही करायचं होतं ते जेसीबी यायच्या आधी करायला हवं होतं. त्यासाठी यंत्र नको होतं, बातमी हवी होती. कोण, कुठे, कधी, काय पाडणार आहे?

सुरुवात अर्थातच व्हॉट्सॲप ग्रुपने झाली. मिस्तरी, सेंट्रिंगवाले, ट्रॅक्टरवाले, दोन भंगारवाले आणि काही घरमालक. पहिल्या महिन्यात त्यावर शुभ सकाळ जास्त आणि विटा कमी होत्या. शिवाय ग्रुपवर टाकलेला फोटो दोन दिवसांत वर सरकून नाहीसा होतो, चौथ्या दिवशी कोणीतरी विचारतो, "हे कुठलंय?" तेव्हा ग्रुपच्या मागे एक गुगल शीट ठेवलं. ते मी भरतो आणि साइटवरचा एक पोरगा भरतो, जो टाइप न करता मोबाईलशी बोलून लिहितो आणि माझ्यापेक्षा भरभर लिहितो. रकाने मोजके: गाव, नकाशावरचं ठिकाण, माल कोणता, किती, काढून कोण देणार, आणि कधी पाडणार. यातला शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड, कारण लोकांना ते स्वतःलाच ठाऊक नसतं. हप्ता आला की, ऊस गेला की, अक्षय्यतृतीयेच्या आधी, अशी उत्तरं येतात. आता मी जेसीबीवाल्यांनाच ग्रुपमध्ये घेतलंय. त्यांच्याकडे नंबर लावलेले असतात, त्यामुळे तारीख मालकाच्या आधी त्यांना कळते.

किती, हा रकाना आम्ही मोजून भरतो. अंदाज चालत नाही, कारण ट्रॉली ब्रासावर ठरते आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. वीस बाय बाराचं मातीचं घर धरा. चारी भिंती मिळून 64 फूट लांबी, आठ फूट उंची, दीड फूट जाडी. दारं-खिडक्या वजा जाता सात ब्रास. पाडल्यावर माती फुगते, ट्रॉलीत भरताना नऊ ब्रास होते, पाणी मारून धुमसली की परत सातच्या आसपास बसते. आता घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. दोन फुटांचं जोतं धरलं तर आत साडेचार-पाच ब्रास भर लागते. एका जुन्या घराच्या भिंती दीड घरकुलाचं जोतं भरतात! हा हिशोब एका लाभार्थ्यासमोर कागदावर मांडला तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे माझीच माती मी फेकून, पैसे देऊन मुरूम आणणार होतो व्हय?" भिंत काळ्या मातीची असेल तर मात्र नको. ती ओल धरली की फुगते आणि फरशी उचलते. फोटोवरून हे कळत नाही. मूठभर माती ओली करून वळकटी वळून बघावी लागते.

फोटोवरून न कळणाऱ्या गोष्टींपैकी एक सोडवली ती प्रवरासंगमकडच्या एका मिस्तरी मामांनी. भेंड्याला एक जुनं घर निघणार होतं, दर्शनी भिंत मातीत बांधलेल्या पक्क्या विटांची. पोराने फोटो टाकले, चांगले उजेडात काढलेले. मामांनी फोन लावला. "फोटोत वीट लालच दिसती रे. दोन विटा हातात घे, एकमेकीवर आपट, अन् तो आवाज पाठव." पोरगा आधी हसला, मग त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मामांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकला. खणखणीत वाजली ती चांगली भाजलेली, भद्द वाजली ती कच्ची किंवा चिरलेली. मग म्हणाले, "ह्या कुठल्या थरातल्या? मधल्या असतील. जोत्यावरच्या दोन-तीन थरांतल्या वाजव." त्या वाजवल्या, भद्द. त्यांना खार लागलेला होता, जमिनीची ओल चढून. मामांनी मधल्या आणि वरच्या घेतल्या, नव्या विटेच्या निम्म्या भावात, आणि खालच्यांचे तुकडे स्लॅबवरच्या ब्रिकबॅट कोब्याला दुसऱ्याने नेले. तेव्हापासून आमच्याकडे विटांच्या नोंदीबरोबर आवाज जातोच, खालच्या थराचा वेगळा आणि वरच्या थराचा वेगळा. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला हा रकाना सुचला असता असं मला वाटत नाही.

सळईचा प्रश्न असा सुटत नाही. 1980-90 च्या स्लॅबमधून निघते ती बहुतेक पिळाची टॉर सळई, गंजलेली, हातोड्याने सरळ केलेली. ती भंगारात किलोवर जाते तोवर ठीक. पण काही जण तीच लिंटेलला आणि कॉलमच्या रिंगांना वापरतात. फोटोत ती नव्यासारखी दिसते. आतून तिची किती झीज झालीय ते मोबाईल सांगत नाही, म्हणून शीटमध्ये सळई घ्यायचीच नाही, थेट भंगारवाला, असं मी ठरवून टाकलंय. यावर ग्रुपमध्ये माझ्यावर रुसलेले लोक आहेत. रुसू देत.

सगळ्यात जास्त फिरतात ते पत्रे. घरकुलाची जागा बहुतेक वेळा जुन्या घराचीच असते, त्यामुळे बांधकाम होईपर्यंत कुटुंब शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहतं. स्लॅब झाला की शेड मोकळं. पूर्वी ते पत्रे भंगारात जायचे किंवा गोठ्यावर पडून राहायचे. आता पुढच्या लाभार्थ्याकडे जातात, लाकडी बल्ल्यांसकट. कुकाण्याकडचा एक संच इतक्या घरी फिरलाय की त्याला ग्रुपवर नाव पडलंय, 'सरकारी पत्रे'. यात पुनर्प्रक्रिया नाही, कारखाना नाही, फक्त कोणाकडे कधी मोकळे होणार एवढं वेळेवर कळणं आहे.

दुसरं मोठं गिऱ्हाईक पाणंद रस्ता. गाळपाच्या दिवसांत उसाने भरलेला ट्रॅक्टर काळ्या मातीत रुतला की पुढच्या-मागच्या दोघांचा दिवस गेला. तिथे विटांचे तुकडे आणि दगड-माती लोक आनंदाने घेतात. अट एकच घातलीय, काच आणि खिळे वेचून. बैलाच्या खुरात खिळा गेला तर त्या गावातून पुन्हा कोणी राडारोडा घेणार नाही. अंतराचीही मर्यादा आहे. भर असेल तर आठ-दहा किलोमीटरच्या पुढे डिझेल मालाला खाऊन टाकतं. सागवानी चौकट मात्र पार छत्रपती संभाजीनगरला गेलेली आहे, तिथल्या एका हॉटेलात ती आता भिंतीवर टांगलेली दिसते, दार म्हणून नाही. मालकाला पैसे चांगले मिळाले, मी काही बोललो नाही.

अडचण आली ती अनपेक्षित दिशेने. वाळू, मुरूम, खडी या गौण खनिजांची वाहतूक आता महाखनिज प्रणालीवर चालते: ऑनलाइन वाहतूक परवाना, गाडीला जीपीएस. प्रवरा, मुळा आणि गोदावरीतल्या वाळूचं जे झालंय ते बघता असं काही हवंच होतं. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात नायगावला 2023 च्या मे महिन्यात राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो सुरू झाला, 600 रुपये ब्रास, मागणी ऑनलाइन. पुढे दोन वर्षांत ते धोरणही बदललं. या सगळ्यात डोंगरातून नवा काढलेला दगड कागदावर चोख येतो. पाडलेल्या घरातल्या दगडमातीला मात्र कागदच नाही. ती खनिज नाही, म्हणून परवाना नाही, आणि ट्रॉलीत भरलेली पांढरट माती लांबून मुरमासारखीच दिसते.

एकदा रात्री एका पथकाने आमची ट्रॉली अडवली. ड्रायव्हर घाबरला, बेकायदा गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड असतो हे त्याला पक्कं माहीत होतं. मी पोचलो तेव्हा तो सारखं "घराची माती हाय साहेब, घराची" एवढंच म्हणत होता. मी मोबाईल पुढे केला. उभं घर, अर्धं उतरलेलं घर, ट्रॉली भरताना, प्रत्येक फोटोवर वेळ आणि ठिकाण उमटलेलं. साहेबांनी टॉर्च लावून ट्रॉलीत हात घातला, विटेचा तुकडा आणि बांगडीची काच बाहेर आली. गाडी सोडली. तेव्हापासून एकही ट्रॉली फोटोंशिवाय हलत नाही, आणि आम्ही दिवसाच वाहतूक करतो. पण हे सौजन्यावर चाललंय. महाखनिजमध्येच 'पाडकामातला माल' अशी एक बिनशुल्क पावती निघाली असती तर ड्रायव्हरचा घाम तरी वाचला असता.

कायदा या विषयावर आहे, फक्त तो आमच्या आकाराचा नाही. 2016 च्या नियमांत दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा आणि लाकूड-लोखंड वेगळं करायचं होतं. आमच्या ब्रासात 300 टन म्हणजे सत्तर-ऐंशी ब्रास. नव्या, 2025 च्या नियमांत पोर्टलवर नोंदणी, पुनर्वापराची उद्दिष्टं आणि प्रमाणपत्रं आहेत, पण ती 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना. माझ्या हातून गेलेली सगळी घरकुलं एका ओळीत ठेवली तरी तिथवर जायला वेळ लागेल. पुण्याला वाघोलीत प्रक्रिया प्रकल्प आहे. मुंबईत राडारोडा उचलायला फोन करता येतो. शहराच्या मानाने हे योग्यच, पण कोणत्या गावाने एवढ्या लांब विटांचे तुकडे पाठवायचे? नेदरलँड्समध्ये 2017 पासून मदास्टर नावाची नोंदवही चालते. इमारतीत कोणतं सामान किती आणि कुठे आहे याची नोंद ती इमारत उभी असतानाच होते, म्हणजे पाडायच्या वेळी शोधाशोध नको. वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे अशी वही जवळजवळ तयार आहे आणि कोणाच्या लक्षात नाही.

ती वही म्हणजे घरकुलाचं ॲप. आवास प्लसच्या सर्वेक्षणात राहत्या घराची भिंत कशाची, छप्पर कशाचं हे भरतात, घराचा फोटो ठिकाणासह काढतात. मंजुरीनंतर जोतं, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांचे फोटो, आणि त्यावर हप्ते. सगळा भर माणूस खरा आहे का, घर खरं आहे का यावर. गैरप्रकारांचा इतिहास बघता तो असणारच. 2025 च्या फेब्रुवारीत राज्यात सुमारे 20 लाख घरकुलांची मंजुरीपत्रं देण्यात आली. त्यातली किती घरं जुनं पाडून होणार आहेत, त्यांच्या भिंती कशाच्या, छपरं कशाची, हे सरकारी सर्व्हरवर पडलेलं आहे. त्याच लाभार्थ्यांना पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं धोरण आहे. म्हणजे एका हाताने नदीतून पाच ब्रास काढून द्यायची, आणि दुसऱ्या हाताखालून सात ब्रास माती ओढ्यात जाऊ द्यायची. वाळूची जागा माती घेत नाही हे मला कळतं. पण जोत्यात वाळूमिश्रित भर टाकणारे मी रोज बघतो.

आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी हे सांगितलं. एक रकाना वाढवा, 'जुनं घर कधी पाडणार', आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ते म्हणाले, "ॲपमध्ये रकाना वाढवणं आपल्या हातात नाही. फळा आपल्या हातात आहे." फळ्यावर यादी लागली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा दोन-तीन मावश्या ती वाचून घ्यायला कोणाला तरी सांगतात आणि मग मला निरोप येतो. एकीने चुलीसाठी किलचणं नेली, एकीने न्हाणीसाठी घडीव दगड. शीटमध्ये याची नोंद मागाहून होते.

अडलंय ते स्लॅबच्या तुकड्यांपाशी. जुनी माती, वीट, लाकूड, पत्रा यांना घेणारा मिळतो. काँक्रीटची ढेकळं मात्र शीटमध्ये वर्षानुवर्षं तशीच असतात, आणि यापुढे पाडली जाणारी घरं जास्त करून स्लॅबचीच असणार. भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीने काँक्रीट फोडून केलेली खडी चालवून घेतलीय: साध्या काँक्रीटला 25 टक्के, सळईच्या काँक्रीटला एम 25 पर्यंत 20 टक्के, आणि कमी ताकदीच्या (लीन) काँक्रीटला पूर्ण. घरकुलाच्या पायाखालचा कमी ताकदीचा थर याच खडीवर निघू शकतो. फोडायला खडी क्रशर पाहिजे, ते तालुक्यात आहेत. एका क्रशरवाल्या अण्णांना शीट दाखवलं, कोणत्या गावात किती ब्रास पडून आहे, नकाशावर ठिपके. त्यांनी ठिपके नीट बघितले, अंतर विचारलं, आठवड्यातला एक दिवस देतो म्हणाले, पण एका अटीवर. ढेकळात सळईचा तुकडा राहिला तर पट्टा फाटतो, आणि नवा पट्टा तुमच्या घरकुलापेक्षा महाग पडतो. "पट्ट्यावर चुंबक बसवून द्या, मग आणा किती आणायचं ते."

चुंबकाचे दर मी दोन ठिकाणांहून मागवलेत. क्रशरवाले अण्णा निम्मे द्यायला तयार आहेत. उरलेल्या निम्म्यासाठी ट्रॅक्टरवाल्यांची बैठक रविवारी घोडेगावला आहे, कांद्याचा बाजार नसतो त्या दिवशी.